हिंगाच्या डबीतली सवत

मथुराकाकीच्या बोटांना चिंचेचा वास यायचा. आता चिंच काय, सगळ्यांच्याच घरी असते. पण काकीच्या घरची आमटी कधी आंबट नसायची, कारण बळीरामकाकांचे दात आंबायचे. घरात चांदी म्हणावी तर काकीच्या पायातली जोडवी तेवढी, आणि ती कधी चकचकीत दिसली नाहीत. मग ही बाई चिंच लावते कशाला? मी तेव्हा नवी नवरी होते, पण नाक-कान माहेरी ठेवून आले नव्हते.

आर्णीजवळच्या आमच्या वस्तीत मी सत्तावन्न साली लग्न होऊन आले. नव्या पद्धतीनं, त्रिशरण-पंचशील म्हणून झालेलं वस्तीतलं ते पहिलंच लग्न. माझे मालक देवराव हे बळीरामकाकांचे पुतणे. दोन्ही घरांची मधली भिंत एकच आणि परसात पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं, कुंपण. त्या कुंपणातून मीठ, विस्तव, भांडणं आणि बातम्या सगळंच इकडून तिकडं जायचं.

बळीरामकाका आर्णीच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या बोऱ्या उचलत. दिवसभर पाठ मोडायची, पण संध्याकाळी चार माणसं जमली की त्यांचा आवाज खणखणीत व्हायचा. छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनीच वस्तीतल्या घराघरांतले देव टोपल्यात गोळा केले आणि अरुणावती नदीच्या डोहात सोडले. "जे देव आपल्याले देवळात घेत नोयते, ते आपल्या घरात कायले पोसाचे?" एवढंच ते म्हणाले होते म्हणतात. म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा आपापले देव फडक्यातून सोडून टोपल्यात टाकले.

दर पौर्णिमेला वंदनेनंतर काका ही हकिकत सांगत, आणि तिचा शेवट नेहमी एकच असायचा. काकीला ते मुलीच्या नावानं, इंदूची माय, म्हणत. "माह्याच घरचं सांगतो," ते म्हणायचे. "इंदूच्या मायच्या गळ्यात सवतीचा टाक होता. तिनं तो आपल्या हातानं तोडला अन् टोपल्यात टाकला. हात थरथरला नाही तिचा!"

ज्यांना ही चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात चांदीचा एक टाक बांधत. रुपयाएवढा पातळ पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली एक बाई. ही मेलेली सवत. सणाला कुंकू आधी तिला लावायचं, मग आपल्याला. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. म्हणजे ती शांत राहते आणि दुसरीला छळत नाही, असा समज. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की एक बायको मेली, दुसरी भीतीनं अर्धी मेली, नवरा तेवढा ठणठणीत. पण मला कोण विचारतं!

तर काका हे सांगायला लागले की सगळ्या बायका वळून मथुराकाकीकडे बघायच्या. मीही बघायची. अंगानं बारीक, सावळी, कपाळावरचं गोंदण फिकट झालेलं. ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसायची. आम्हाला वाटायचं, केवढी विनयाची बाई आहे. शेजारच्या गावांतूनही काकांना बोलवत आणि ते तिथंही हेच सांगत. बाहेरगावच्या बायका काकीला भेटायला यायच्या, पाया पडायच्या. काकी पाय मागं ओढून घ्यायची आणि पाणी आणायच्या निमित्तानं घरात पळायची.

मला एक गोष्ट मात्र खटकायची. पंचशील म्हणताना मी तिच्या शेजारी बसत असे. तीन शीलं ती नीट म्हणायची. चौथं आलं, 'मुसावादा', खोटं बोलणार नाही, की तिचा आवाज बंद. ओठ हलायचे, पण बाहेर काही यायचं नाही. पाचव्याला आवाज परत यायचा. मला वाटायचं, पाली भाषा आहे, जीभ वळत नसेल.

पेरणीच्या दिवसांत एका दुपारी मला थंडी वाजून आली म्हणून मी शेतातून लवकर परतले. वस्तीत चिटपाखरू नव्हतं. कुंपणापलीकडून काकीचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी बोलत होती, पण समोरून कुणी उत्तर देत नव्हतं.

"कांताबाई, तुह्यी पोट्टी सातवी पास झाली. पह्यल्या नंबरानं नाही, खोटं नाही बोलत, पन पास झाली. हिशोबात कच्ची आहे. ते बापावर गेली. यवतमाळले धाडा म्हनते पुढच्या शाळेत. मले वाटते धाडावं. तू काय म्हन्तं?"

मी कुंपणातून डोकावले. काकी परसातल्या दगडाशी उकिडवी बसली होती. शेजारी करवंटीत चिंचेचा कोळ, दुसऱ्या करवंटीत चुलीतली चाळलेली राख. अंगठ्यानं ती काहीतरी लहानसं घासत होती. ऊन पडलं तशी ती वस्तू चमकली आणि मला त्यावरची बाई दिसली.

माझ्या पायाखाली काटकी मोडली. काकीनं मूठ आवळली. बोटांच्या फटींतून चिंचेचं पाणी गळत होतं. तिचा चेहरा असा झाला, की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. ती उठून कुंपणाशी आली, आणि काय केलं तर माझ्या पायाशी वाकली. नात्यानं ती माझी चुलतसासू.

"तुळसे, पाया पडते तुह्या. कोनाले नको सांगू व."

मी तिला उठवलं, घरात नेलं. मग तिनं सांगितलं ते असं.

कांताबाई म्हणजे काकांची पहिली बायको, इंदूला जन्म देताना गेली. तान्ही इंदू शेळीच्या दुधावर होती तेव्हा मथुरा या घरात आली, स्वतःच अजून पोर होती. सासूनं लग्नातच टाक गळ्यात बांधला आणि बजावलं, की हिला नाराज केलंस तर तुझी कूस उजवणार नाही. मथुरा झोपेतसुद्धा टाकावर हात ठेवून असायची. पुढं कूस उजवली नाहीच. सासू म्हणायची, सवत भोगू देत नाही. हिलाही ते खरं वाटायचं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी टाक घासून लख्ख करायचा असे, कारण दुसऱ्या दिवशी मेलेल्यांना जेवू घालायचं. पहिल्या वर्षी ती भीतभीतच चिंच घेऊन बसली. घासायचं म्हणजे सवतीच्या तोंडावरून बोट फिरवायचं. काहीतरी बोलायला हवं असं तिला वाटलं. मेलेल्या बाईशी काय बोलणार? दोघींच्या मध्ये होतं ते एक रडकं पोर. म्हणून ती म्हणाली, "कांताबाई, तुह्यी पोट्टी रातभर रडली."

तेव्हापासून ते सुरू झालं. पोट्टीला दात आला, पोट्टीला गोवर निघाला, पोट्टी मला माय म्हणाली, रागावू नको. सांगणं जेवढं लांब, तेवढं घासणं लांब. सुरुवातीला अखाजीलाच, मग मन भरून आलं की केव्हाही. भीती कधी गेली हे तिलाही कळलं नाही.

"मंग डोहात काहून नाही टाकला?" मी विचारलं.

"खंडोबा देला, मरीमाय देली," काकी म्हणाली. "माह्या हातानं देली. मन हलकं झालं व, खरं सांगते. पन याले हात लागला अन् मनात आलं, इंदूचं आता कोनाले सांगू? तेवढ्यात इंदूचे बाबा टोपलं घेऊन दारात आले. चुलीजवळ हिंगाची डबी होती, तिच्यात टाकला. त्यायनं इचारलं, सवतीचा टाक देला? मी म्हनलं, देला."

एवढा एक शब्द. ती काकांना नंतर सांगणारच होती. पण दुसऱ्याच दिवशी काकांनी सगळ्या वस्तीसमोर उभं राहून हात न थरथरल्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी कुठून आणली कोण जाणे, पाहिलं तर त्यांनी काहीच नव्हतं. बायकोचं कौतुक करायला माणूस निघाला की थोडी भर घालतोच. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काकीचं तोंड कायमचं शिवलं गेलं.

"आता कोनत्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. "माह्यासाठी त्यायचं तोंड काळं करू?"

खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता. एवढी चांगली बाई, आणि एका पत्र्यापायी रोज खालमानेनं जगते. पुढच्या काळात मी तिला कितीदा तरी म्हटलं, "काकी, एक तर डोहात टाक, नाही तर काकाले सांग." ती 'सांगीन' म्हणायची. पौर्णिमा यायची, चौथं शील यायचं आणि तिचे ओठ नुसते हलायचे. आता मला त्याचं कारण ठाऊक होतं, म्हणून मलाच तिच्या शेजारी बसवेनासं झालं.

आता चांदीचं सांगते. गळ्यात होता तोवर तो टाक अंगाला घासून घासून बरा राहायचा. डबीत गेल्यावर तो काळा पडायला लागला, आणि साधासुधा नाही, तव्याच्या बुडासारखा. हिंगाची डबी घाईत हाताला लागली होती, पण ती सोयीचीच निघाली, कारण काकांना हिंगाचा वास सोसत नसे आणि ते त्या डबीला हात लावत नसत. जागा पक्की होती, म्हणून तिनं ती पुढं बदललीही नाही. घासून ठेवला की थोड्याच दिवसांत परत काळा. काकीनं त्याचा एकच अर्थ लावला.

"चिडली व ते माह्यावर," ती मला सांगायची. "डबीत कोंडलं ना मी तिले. गळ्यातून काढलं. लोकायले सांगतलं का तिले पान्यात फेकलं. काहून नाही चिडन?"

नवा धर्म तिनं मनापासून घेतला होता. भुताखेताचं कुणी बोललं तर ती उठून जायची. पण या एका काळेपणापुढं तिचं काही चालायचं नाही. सवत रागावली, आणि रागावण्यासारखंच आपण वागलो, हे तिनं धरून ठेवलं होतं. मग ती राग काढायला बसायची. चिंचेनं निघालं नाही तर लिंबू आणि मीठ. त्यानं नाही तर रिठ्याचं पाणी, आंबट ताक. रिठ्याचं मीच सांगितलं होतं, माझी आई जोडव्यांना लावायची. रिठ्यानं चमक यायची, पण कडांचा, डोळ्यांच्या खाचांतला काळेपणा तसाच राहायचा. तेवढ्यासाठी काकी विटेचा तुकडा कुटून, फडक्यातून गाळून त्याची भुकटी करायला लागली.

"विटेनं नको, काकी. वीट चांदी खाते."

"जरासंच लावते व. तिच्या डोळ्यात घान राहून राह्यली."

इकडे इंदू यवतमाळला शिकून मास्तरीण झाली. सुट्टीत आली की मला पाटीवर लिहायला शिकवायची. आज हे जे मी लिहिते आहे ते तिच्यामुळे. उंच, बापाच्या आवाजाची, स्पष्ट बोलणारी पोर. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा किसनराव, लोहारा गावच्या शाळेत मास्तर. लग्न आमच्याच वस्तीत, दारासमोर मांडव घालून.

लग्नाच्या आदल्या दिवशी काकांना आनंद मावत नव्हता. "चारी बाजूचे लोक येऊन राह्यले," ते म्हणाले. "मांडवात मी टाकाची गोष्ट सांगीन. इंदूच्या सासरच्यायले कळलं पाह्यजे, पोरगी कोनत्या मायच्या हाताखाली वाढली ते."

ते ऐकलं आणि काकीच्या हातातली परात खाली पडली. सगळं पीठ सांडलं. ती पीठ भरत भरत मला हळूच म्हणाली, "तुळसे, हे आता नाही होत माह्याच्यानं. उद्या नवरदेवाकडचे येतीन, त्यायच्याबी समोर तेच खोटं. मी आजच डोहात सोडते तिले. म्हंजे उद्या ते सांगतीन तवा निदान टाक पान्यात असन."

उशिरा का होईना, गोष्ट खरी करायची असं तिनं ठरवलं होतं. मला बरं वाटलं. सुटली एकदाची, असं मनात म्हटलं.

त्याच दिवशी, दुपार कलल्यावर, पुढच्या अंगणात मांडवाचे बांबू रोवणं चाललं होतं. काकी टाक घेऊन परसात गेली. डोहात टाकायचाच होता तर घासायचा कशाला, पण तिला तो काळा सोडवेना. "घरातून जाताना तोंड धुवून जावं मानसानं," म्हणाली. मला तिनं कुंपणाशी उभं केलं होतं, कुणी आलं तर खोकायला. आणि ती सांगायला बसली. शेवटचं सांगणं म्हणून सगळंच सांगितलं.

"कांताबाई, तुह्या पोट्टीचं उद्या लगन आहे. पोरगा बरा आहे. आवाज नाही चढवत. मास्तर आहे तोबी. पांढरं लुगडं घेतलं, निळ्या काठाचं. मले वाटलं नोयतं एवढी उंच होईन, तू उंच होती काय? मले कोनी सांगतलंच नाही तू कशी होती. पोट्टीले ताप आला का अजूनबी माह्या मांडीवर डोकं ठेवते, आता कोनाच्या ठेवन? तुह्यी होती, पन मलेच माय म्हनत राह्यली. त्याचा राग नको धरू. अन् डबीचाबी नको धरू. आज सोडते तुले."

बोलता बोलता अंगठा फिरत होता. विटेची लाल भुकटी, त्यावर चिंच, परत भुकटी. काळं निघत गेलं. मग काकीचा अंगठा थांबला. तिनं टाक पाण्यानं धुतला, पदराला पुसला, उन्हात धरला.

"तुळसे, पाह्य व."

मी पाहिलं. टाक लख्ख झाला होता, आरशासारखा. पण त्यावरच्या बाईला तोंडच नव्हतं. पदराची कड होती, खांदे होते, आणि मध्ये गुळगुळीत पत्रा. इतक्या वर्षांचं घासणं, आणि वरून ही वीट. नाक नाही, डोळे नाहीत.

"मी तिचं तोंड पुसून टाकलं," काकी म्हणाली. आणि परत तेच, "मी तिचं तोंड पुसून टाकलं व."

मी खोकायचं विसरले होते. इंदू मागच्या दारात उभी होती. हळदीची तयारी टाकून ती आईला शोधत आली असावी. ती कधीपासून उभी होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सगळं ऐकलं होतं तिनं.

"तो टाक?" इंदू म्हणाली. "डोहात टाकला होता ना?"

काकी लाल झालेले हात मांडीत घेऊन बसून राहिली.

"बाबा गावोगाव सांगत फिरले. मी बोर्डिंगात पोरींले सांगत होती, का माह्या मायनं आपल्या हातानं तोडला. छाती फुगवून सांगत होती मी! अन् तू घरात लपवून ठेवला?" इंदूचा आवाज चढला. "अन् कायले? माह्यी माय काय भूत होती, तुले छळाले? तिले गळ्यात बांधून ठेवलं, का चावू नाही म्हनून?"

हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. टाकाची ती सगळी चाल इंदूच्या बाजूनं पाहिली तर काय होती? एक बाई पोर जन्माला घालताना मरते, आणि घर तिच्यासाठी रडायचं सोडून तिला घाबरायला लागतं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकीनं मान वर केलीच नाही.

"भूत म्हनूनच बांधलं होतं," ती म्हणाली. "पह्यले भेव होता. मंग तो गेला. मंग मले वाटे, तुह्यं कोनाले सांगू? लोकायले सांगतलं तर म्हनतीन, सावत्र असून कवतिक दाखवते. हे एकटीच होती, जिले आयकाचं होतं."

इंदूनं काकीच्या हातून टाक घेतला. फिरवून पाहिला. मग नाकाशी नेला.

"हिंग?"

"हिंगाच्या डबीत होता. रागावली होती ते माह्यावर. काळी पडे सारखी."

"माय," इंदू म्हणाली, आणि तिचा आवाज आता खाली आला होता, "हिंगानं काळी पडते चांदी. कोनाचीबी पडते. त्यात राग कायचा?"

काकी तिच्याकडे बघत राहिली. "म्हंजे रागावली नोयती?"

"नाही."

"मंग मी एवढं घासलं कायले?" काकी म्हणाली, आणि कपाळावर हात मारून घेतला. विटेचा लाल डाग कपाळभर उमटला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मागं काही पडल्याचा आवाज आला. बळीरामकाका मांडवाचा दोर न्यायला परसात आले होते आणि दोर त्यांच्या हातून सुटला होता. काकी उठून उभी राहिली. इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते तिनं तेव्हा सरळ सांगून टाकलं. "मी देला म्हनलं होतं, ते खोटं होतं. डबीत होता."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, इंदूच्या हातातल्या टाकाकडे पाहिलं. खाली वाकून दोर उचलला आणि पुढं निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. पंचशील सुरू झालं. मी काकीच्या शेजारीच होते. चौथं शील आलं आणि तिचा आवाज आला, फाटका, घोगरा, पण आला. मी वळून पाहिलं तर तिची मान खालीच होती.

लग्न लागलं. मग नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "बळीरामभाऊ, ते टाकाची गोष्ट होऊ द्या." काका उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, "ते गोष्ट मी आता सांगनार नाही. ते खरी नोयती. मी न पाह्यता सांगत होतो, चूक माह्यी आहे." आणि खाली बसले.

मांडवात कुजबुज झाली. सगळ्या बायका वळून काकीकडे बघायला लागल्या, जशा नेहमी बघायच्या. फक्त आता बघणं वेगळं होतं. काकीनं ते अंगावर घेतलं. ती पाणी आणायला पळाली नाही. नवरीची पाठवणी होईपर्यंत तिथंच बसून राहिली.

टाक इंदूनं नेला, डोहात गेला नाही एवढं मला ठाऊक होतं. कशासाठी नेला ते तिनं सांगितलं नाही आणि काकीची विचारायची हिंमत नव्हती. त्यानंतर काकी वंदनेला दाराशी, चपलांच्या जवळ बसायला लागली. काका तिला एका शब्दानं दुखवून बोलले नाहीत. त्यांनी आरडाओरडा केला असता तर तिला सोपं गेलं असतं. दुसऱ्या गावांतून बोलावणी आली तर 'तब्येत बरी नाही' म्हणायचे. काकीला ते आतून ऐकू यायचं. इंदू सणावाराला यायची, नीट वागायची, पण त्या दुपारचा विषय कुणीच काढत नसे. काकीच्या बोटांचा चिंचेचा वास गेला.

पासष्टच्या थंडीत इंदू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. काकीनं सारखं घर झाडून काढलं, सुईण आधीच सांगून ठेवली, आणि दिवस भरत आले तशी तिचीच अन्नावरची वासना उडाली. याच घरात कांताबाई गेली होती. ते नाव कुणी घेत नव्हतं, पण तेच नाव सगळ्यांच्या मनात होतं. इंदू सुखरूप सुटली. मुलगी झाली.

मी सकाळी मोहाच्या पानात गरम शिरा घेऊन गेले तर काकी बाजेजवळ बसली होती. डोळे तांबडे. पोर शेवटी झोपलं होतं. चुलीपाशी करवंटीत चिंच भिजत घातलेली मला दिसली. सवयीनं घातली असावी, आणि आता ती त्या करवंटीकडे बघून ओशाळली होती.

"इंदू," ती खाली बघत म्हणाली, "तो टाक... आहे का कुठं?"

इंदूनं उशीखाली हात घातला. धुतलेल्या फडक्याची पुरचुंडी काढली, सोडली. टाक परत काळा पडला होता, पण मंद, जुन्या भांड्यासारखा. तोंड नव्हतंच. काकीनं तो घेतला आणि दुसरा हात चिंचेकडे गेला.

इंदूनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे माय. काळाच राहू दे. तुले सांगाचं आहे ना काही? मले सांग. मी आयकून राह्यली."

काकीला मान वर करता येत नव्हती. इतकी वर्षं पत्र्याला जे सांगितलं ते जित्या माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टाक मुठीत, मूठ मांडीवर. मला वाटलं ती उठून जाईल. मग तिनं बाजेवरच्या त्या एवढ्याशा तोंडाकडे पाहिलं, आणि लाजत, चोरट्यासारखी, हळू आवाजात म्हणाली,

"इंदू, तुह्यी पोट्टी रातभर रडली."